पेडल कडक, पाय कच्चा

आमच्याकडे ‘कडक’ हा शब्द वाईट अर्थाने कुणी वापरतच नाही, तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. चहा कडक, लग्नातला बँड कडक, नवी साडी नेसून बाहेर पडलं की शेजारीण म्हणते, आज एकदम कडक. त्यामुळे गाडीचा ब्रेक कडक झालाय असं मी घरी सांगितलं, तेव्हा आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “मग बरंच हाय की. ढिला झाला असता तर बोंब होती.”

मी म्हटलं, अहो, कडक म्हणजे दाबला जात नाही. त्यावर त्यांनी पेपर खाली केला, माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघितलं, आणि पेपर परत वर केला. मला त्या बघण्याचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांना दुसरा चहा दिला नाही.

गुडघ्याचं असं होतं की दिवाळीच्या तोंडावर माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली होती. पालघरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग घरी व्यायाम, मग काठी, मग काठीशिवाय. व्यायाम शिकवणारी मुलगी मोठी खमकी होती. माझ्याकडून पाय ढकलून घ्यायची आणि म्हणायची, काकू, आता तुम्ही मला लाथ मारून पाडाल. तिने आणि डॉक्टरांनी दोघांनी सांगितलं की आता गाडी चालवायला हरकत नाही. मी त्याच संध्याकाळी गाडीवरचं कापड काढलं.

ही गाडी माझी आहे. घर सासऱ्यांचं, वाडी ह्यांची, गाडी मात्र माझी. तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत मी सगळी नोकरी केली. इतकी वर्षं कंपनीच्या बसमागे धावले आणि निवृत्त झाल्यावर आधी गाडी शिकले. साठी जवळ आलेली बाई माहीमच्या रस्त्यावर ‘एल’ लावून चालली की लोक ओट्यावरून उठून बघायचे. बघू दे. सासूबाईंचे डोळे दाखवायला बोईसर, बँकेचं काम पालघर, जावेच्या मुलीचं बाळंतपण सफाळे, सगळीकडे मीच. ह्यांना स्कूटर पुरते. गाडी त्यांना येते, पण वाडी सोडून ते कुठे जात नाहीत.

वाडी म्हणजे सुपारी, नारळ आणि थोडी पानवेल. वाडीत जे सापडेल त्याने घरातलं सगळं दुरुस्त करायचं, हा ह्यांचा स्वभाव. खुर्चीचा पाय हलला की काथ्या, बादलीची कडी गेली की जुनी ट्यूब कापून पट्टी, आणि बाकी सगळ्याला ठिबकची काळी नळी. झाडांना थेंबथेंब पाणी देण्यासाठी वाडीभर अंथरलेली असते ना, तीच. आमच्या मोरीतल्या नळाला ती आहे, कपडे वाळत घालायला ती आहे, देवघरातल्या घंटीची दोरीसुद्धा एकदा तीच होती. मी ती काढून टाकली, तर दोन दिवस फुगून बसले.

तर ब्रेक. गावात फिरताना काही वाटायचं नाही. केळव्यातून निघालं, माहीम आलं, तिथपर्यंत पाऊल टेकवलं की गाडी शहाण्यासारखी थांबायची. पालघर ओलांडून बोईसरच्या रस्त्याला लागलं की पेडल हळूहळू घट्ट व्हायला लागायचं. कधी व्हायचं, कधी नाही. घरी येऊन गाडी गार झाली की पुन्हा काही नाही. मी ह्यांना अंगणात बसवून दाबायला लावलं. त्यांनी एका बोटाने दाबावं तसं दाबून दाखवलं. “बघ. लोणी हाय लोणी.” मग परत माझ्या गुडघ्याकडे नजर.

बोईसरच्या गॅरेजवाल्यालाही मी सांगितलं होतं. त्याचं मराठी कामापुरतं. मी म्हटलं, ब्रेक फार कडक झालाय. त्याने मागच्याच खेपेला पॅड बदलले होते. तो खूश होऊन हसला. “कडक है ना? एकदम कडक काम किया है, मॅडम.” मी वैतागून गाडी काढली. माणसाने दुखणं सांगावं आणि समोरच्याने अभिनंदन समजून घ्यावं, तशातली गत.

मग उमरोळीचा प्रकार झाला.

सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चालले होते. त्या पुढे, माझ्या बाजूला. दुपारचं ऊन, गाडी चांगली तापलेली. उमरोळीजवळ पुढची रिक्षा रस्त्याच्या कडेला थांबली आणि तिच्यातून एक मावशी उतरली, सुक्या बोंबलांचा प्लास्टिकचा टब काखेत धरून. उतरून ती रिक्षाच्या मागून रस्ता ओलांडायला निघाली. अंतर पुष्कळ होतं. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, ब्रेकवर पाऊल ठेवलं.

पेडल खाली गेलं नाही. अजिबात नाही. फरशीवर पाय ठेवावा तसा माझा पाय तिथे ठेवलेला राहिला आणि गाडी चालत राहिली. मी जोर लावला. गुडघ्यातून कळ आली. सीटवरून अर्धी उठून मी त्या पेडलवर उभी राहिल्यासारखी झाले, गाडी थोडी मंदावली पण थांबेना, आणि मावशी अजून समोरच. हॉर्न वाजवायचं सुचलं नाही. देवाचं नाव सुचलं नाही. हाताने हँडब्रेक कधी ओढला ते मला आजही आठवत नाही. गाडी कचकन थांबली, पुढून टब चेपल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज नाही.

मला वाटलं, मी माणूस मारलं. तो एक क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. हात स्टिअरिंगला चिकटलेले, आणि उतरून बघायची हिंमत होईना.

मावशी रस्त्यावर बसली होती. तिला खरचटलंही नव्हतं. टब हातातून सोडून ती मागे सरकली होती, टब गाडीखाली गेला होता आणि बोंबील रस्ताभर. तिने आधी बोंबलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. नुसतं विचारलं, “बाय, पाय हाय का नाय तुला?”

मला रडू आलं. मी तिथेच रस्त्यावर बसून तिच्याबरोबर बोंबील गोळा करायला लागले. रिक्षावाल्याने पिशवी दिली. जे वाचले ते भरले, जे चिरडले त्यांचे पैसे मला देऊ दे म्हटलं, तर ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तू घरी जा सांभालून.” सासूबाई गाडीत बसून रामरक्षा म्हणत होत्या, एकच ओळ परत परत.

घरी आल्यावर सासूबाईंनी मुलाला सांगितलं, गाडी विकून टाक. ह्यांनी अंगणात जाऊन ब्रेक दाबून बघितला. तोवर गाडी गार झालेली. पुन्हा लोणी. आत येऊन माझ्यासमोर बसले आणि कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाले, “गाडीत काय नाय गं. तुझा पाय दगा देतो. उद्या कुणाच्या जिवावर बेतेल.”

एरवी मी भांडले असते. मला भांडायला कारण लागत नाही, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी गप्प बसले, कारण माझाच विश्वास उडाला होता. रात्रभर अंथरुणात पडून मी पाऊल खालीवर करत होते. ताकद तर आहे असं वाटायचं. पण ऐन वेळी नव्हती ना. मग आहे म्हणायचं कशाच्या जोरावर? व्यायाम शिकवणाऱ्या मुलीचं हसणं आठवलं तरी मला ते खोटं वाटायला लागलं. जिना उतरताना मी कठडा धरायला लागले. बाजारात जाताना कोपऱ्यातली काठी परत काढली. इतक्या वर्षांत मी कुणाच्या धाकात राहिले नाही, आणि माझ्याच एका पायाने मला घाबरवून ठेवलं.

ह्यांनी बोईसरचं एक गिऱ्हाईक शोधलं. कारखान्यात कामाला, नुकतं लग्न झालेलं, बायकोला माहेरी न्यायला-आणायला गाडी हवी होती. त्याची अट एवढीच की गॅरेजमध्ये एकदा तपासून घेऊ. रविवारी सकाळी ह्यांनी गाडी काढली. मी शेजारी बसले. तुझं काय काम म्हणाले. मी म्हटलं, माझी गाडी आहे, पोचवायला मी येणार.

पालघर गेलं, उमरोळी गेलं. उमरोळीला मी डोळे मिटून घेतले. बोईसरमध्ये शिरताना एक मोठा गतिरोधक लागतो. गाडीचा वेग काही कमी होईना. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांचा जबडा आवळलेला, मांडी ताठ, चप्पल पायातून निसटून खाली गेलेली आणि अनवाणी पाऊल पेडलवर रोवलेलं. गतिरोधकावरून गाडी उडाली, आमची दोघांची डोकी वर टपाला लागली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय नाय.”

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “आज माझा पण गुडघा जरा दुखतोय.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दोन माणसांचे गुडघे एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, एकाच ऋतूत दुखतात? बोलायला तोंड उघडलं, पण पुढे रहदारी होती आणि ब्रेक नव्हता, म्हणून गप्प बसले. हँडब्रेकवर हात ठेवून.

गॅरेजमध्ये पोचल्यावर मी उतरून सरळ त्या माणसाला म्हटलं, “ब्रेक कडक नाही. पेडल जाम है. नीचे जाता ही नहीं. दीवार है दीवार.”

त्याचं हसू गेलं. “अरे, तो ऐसा बोलो ना, मॅडम.”

गाडी तापलेलीच होती. तो आत बसला, इंजिन बंद केलं, पेडल चार-पाच वेळा दाबून सगळा उरलासुरला जोर काढून टाकला. मग पेडलवर पाय दाबून ठेवला आणि इंजिन चालू केलं. त्याने मला वाकून बघायला सांगितलं. इंजिन चालू झालं की पायाखाली पेडल थोडं आपोआप खाली बसायला हवं, कारण इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीने एक गोल डबा पायाला मदत करतो. त्या डब्याला बूस्टर म्हणतात. आमचं पेडल बसलं नाही. जिथे होतं तिथेच.

“बूस्टर गया,” तो म्हणाला. “नया लगेगा.”

हे एकदम म्हणाले, गिऱ्हाईक येतंय, त्याला सांगू, बदलून देऊ. त्यांना तिथून कधी एकदा निघतोय असं झालं होतं. मी बॉनेट उघडायला लावलं. मला गाडीतलं काही कळत नाही. पण इंजिन हवा ओढतं म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रयोगशाळेतला पंप आला. हवा ओढून गाळायचं यंत्र होतं आमच्याकडे. त्याला जाड भिंतीचीच नळी लागते. नवीन आलेल्या कुणीतरी एकदा साधी नळी जोडली, तर ती चपटी होऊन बसली आणि गाळणं बंद पडलं. मी विचारलं, डब्यातली हवा ओढणारी नळी कुठली?

त्याने बोट दाखवलं. मी वाकले.

इंजिन चालू होतं. त्याच्या आणि डब्याच्या मध्ये एक काळी नळी होती, मधोमध चपटी. पट्टीसारखी. मी म्हटलं, बंद करो. इंजिन बंद झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत ती नळी हळूहळू फुगून गोल झाली, जणू काही झालंच नाही. चालू करो. पुन्हा चपटी. दोन्ही टोकांना जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, वर काथ्याची गाठ.

ती गाठ मी ओळखते. तीस वर्षं माझ्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर मी ती गाठ बघत आलेय.

मी मागे वळले. ह्यांनी नळी माझ्या आधी पाहिली होती. गॅरेजच्या दाराला टेकून उभे होते. गॅरेजवाला आमच्याकडे आळीपाळीने बघत होता.

“ही आपल्या वाडीतली हाय,” ते म्हणाले.

“मला दिसतंय.”

“तू हॉस्पिटलातून सुटणार होतीस ना, त्या सकाळची. गाडी काढायला गेलो तर आतून शिट्टी वाजत होती. उंदराने नळी कुरतडलेली. दिवाळीची सुट्टी, सगळी दुकानं बंद. मग मी आपली…” ते थांबले. “रिक्षात तुझा पाय सरळ ऱ्हायला नसता. म्हटलं, आजच्या दिवसापुरती लावू. मग इसरलो.”

म्हणजे ज्या दिवशी माझा नवा गुडघा घरी आला, त्याच दिवशी गाडीत ही नळी आली. नवी होती तेव्हा ताठ होती, दोन महिने मी बरी होईपर्यंत गाडी कापडाखाली उभीच होती. मग मी चालवायला लागले आणि इंजिनच्या उष्णतेने ती मऊ पडत गेली. गार असताना लोणी, तापली की भिंत. आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिन जास्तच ओढतं, असं गॅरेजवाला म्हणाला, म्हणजे नेमकी ब्रेक दाबायच्या वेळीच ती चपटी व्हायची.

“पण पाण्याचं प्रेशर धरते की ती,” हे अजून पुटपुटत होते. “वाडीतल्या मोटारीचं पाणी धरते.”

“पाणी आतून ढकलतं,” मी म्हटलं. “इथे आतून ओढतात.”

मला खूप बोलायचं होतं. उमरोळीचं बोलायचं होतं, त्या मावशीचं, काठीचं. इतके दिवस तुम्ही माझ्या गुडघ्याकडे बघत होतात, असं म्हणायचं होतं. पण ज्या माणसाने मला नीट घरी आणायला ती नळी लावली, त्याला त्याच नळीवरून काय बोलायचं? राग आणि रडू एकदम आलं. त्या दोघांच्या मधून जे बाहेर पडलं ते असं:

“अजून कुठे लावलीय?”

ते विचार करायला लागले. तो विचार लांबत गेला तशी मी घाबरले.

“स्कूटरला,” ते म्हणाले. “पेट्रोलला.”

“आणखी?”

खाली मान घालून अगदी हळू म्हणाले, “आईच्या शेगडीला.”

सासूबाईंची वेगळी शेगडी मागच्या पडवीत आहे, आणि रविवारी सकाळी त्या तिच्यावर सगळ्यांसाठी घावन करतात. सासूबाईंना फोन ऐकू येत नाही. मी घरी असलेल्या जावेला फोन लावला. म्हटलं, धावत जा, शेगडी आणि सिलेंडर बंद कर, काडी ओढू नको, विचारू नको का ते. ती म्हणाली, अगं पण माझं घावन तव्यावर हाय. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे घावन. फोनवरून मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, मग सासूबाईंचं रागावणं, मग सिलेंडरचा नॉब फिरवल्याचा आवाज. मी गॅरेजमधल्या स्टुलावर बसले. ह्यांना बसायला जागा नव्हती, ते जमिनीवर बसले.

गॅरेजवाल्याने समोरच्या दुकानातून जाड रबरी नळी आणली, माप घेऊन कापली, पत्र्याच्या क्लिपा आवळल्या. बूस्टर चांगला निघाला. पुन्हा तीच परीक्षा केली, पण या वेळी मला बसवलं. इंजिन बंद, पेडल दाबून दाबून घट्ट. मग उजवा पाय त्याच्यावर ठेवून मी चावी फिरवली.

पेडल माझ्या पायाखाली बसलं. हळूच, पोळीच्या पिठात बोट जावं तसं. मी पाय उचलला, परत ठेवला. परत बसलं. मी किती वेळा केलं ते मोजलं नाही, पण गॅरेजवाला शेवटी म्हणाला, बस हो गया, मॅडम. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. गिऱ्हाईकाचा होता, निघालोय म्हणत होता. हे जमिनीवरून उठले आणि म्हणाले, “येऊ नका. गाडी विकायची नाय.” पलीकडून तो काहीतरी म्हणाला. बोलण्यावरून कळलं की त्याने विचारलं, तुम्हीच सांगितलंत ना, बाईंना ब्रेक दाबता येत नाही म्हणून.

हे माझ्याकडे बघत होते. गुडघ्याकडे नाही, तोंडाकडे.

“तिला येतो,” ते म्हणाले. “मीच दाबू देत नव्हतो.”

परत येताना गाडी मी चालवली. उमरोळीला रस्त्यात कुणी नव्हतं, तरी मी ब्रेक दाबून गाडी थांबवली.